उष्टा श्वास

१

दुसऱ्याच्या तोंडातली नळी स्वतःच्या तोंडात घालायची आणि चोखायची, ही माझी नोकरी होती. ऐकायला किळसवाणं वाटतं, आणि ते तसंच आहे. नौदलात अकरा वर्षं मी हेच केलं. तिथून सुटून सरकारच्या पाण्याच्या खात्यात लागलो, तर तिथेही माझ्या वाट्याला हेच आलं.

आमच्या घरी उष्ट्याचं फार. आई तांब्या ओठाला लावू द्यायची नाही. डोकं मागे टाकायचं, वरून धार सोडायची आणि प्यायचं. ती सवय मला अशी चिकटली की लग्नानंतर बायकोने दाताने तोडलेला अर्धा लाडू लाडाने पुढे केला, तर मी तो नुसता हातात धरून बसलो. ती रुसली ती चार दिवस बोलली नाही. असा मी, आणि पाणबुड्यांचे श्वासाचे सेट तपासायचो. चेष्टाच म्हणायची.

साधा पाणबुड्या पाठीवर हवेच्या बाटल्या बांधतो आणि सोडलेल्या श्वासाचे बुडबुडे बाहेर टाकतो. आमच्या सेटमधून बुडबुडा बाहेर पडत नाही. छातीवर एक रबरी पिशवी असते. तिच्यातूनच श्वास घ्यायचा, तिच्यातच सोडायचा. मध्ये चुन्याच्या दाण्यांचा डबा असतो, तो सोडलेल्या श्वासातली घाण शोषतो, आणि एका लहान बाटलीतून थोडा थोडा ऑक्सिजन मिसळत राहतो. म्हणजे माणूस तासन् तास स्वतःचाच उष्टा श्वास खात असतो. दाणे पांढरे असतात, घाण शोषली की जांभळे पडतात. एका माणसाला भरलेला डबा दोन तास पुरतो.

तपासणी दोन प्रकारची. पिशवी फुगवायची, तोटी बंद करायची आणि पाण्यात बुडवायची. बुडबुडा निघाला की तिथे भोक. दुसरी तपासणी उलटी. नळी तोंडात धरून पिशवीतली सगळी हवा ओढून नाकाने बाहेर टाकायची, पिशवी पापडासारखी सपाट झाली की तोटी बंद करायची आणि दहा मिनिटं घड्याळाकडे बघत बसायचं. सपाट राहिली तर सेट पास. मग मी रजिस्टरात 'उपकरण निर्दोष' असं लिहून सही करायचो आणि मागच्या दारी जाऊन मिठाच्या पाण्याच्या सात चुळा भरायचो. खाली जाणाऱ्याचा जीव त्या सहीवर असायचा.

खाली जाणारा बहुतेक वेळा श्रीमंत नावाचा पाणबुड्या असायचा. पाथर्डीकडचा, कोरडवाहू मुलखातला. अठरा वर्षांचा होईपर्यंत त्याने गुडघ्याच्या वर पाणी पाहिलं नव्हतं, आणि पुढे अर्धं आयुष्य पाण्याखाली काढलं. विडी नाही, तंबाखू नाही, सुपारीचं खांडसुद्धा नाही. मला तो सोवळेबुवा म्हणायचा आणि मुद्दाम माझ्या पेल्यातून पाणी प्यायचा. नौदलापासूनची दोस्ती, त्याला काय बोलणार? मी पेला राखेने घासायचो.

२

त्र्याहत्तरचा मे महिना होता. आदल्या वर्षी पाऊस फिरकलाच नव्हता. अकोले तालुक्याचा डोंगर एरवी पावसाने झोडपून निघतो, पण तिथेही बाया हंडे घेऊन मैल मैल चालत होत्या. राजूरच्या पुढे जीप तासभर चढली की सात वाड्या लागतात. साती वाड्यांचं पाणी एकाच कपारीतून यायचं.

कड्याच्या पोटात एक फट, आत शिरलं की खोलीएवढी जागा, आणि तिथे काळं, गार पाणी. सगळ्या विहिरी आटल्या तरी ते बोटभरही उतरलं नव्हतं. तळ वीस फुटांवर होता, आणि तळाशी मागच्या अंगाला जेमतेम माणूस शिरेल एवढं भोक सरळ डोंगरात गेलेलं. आत पाणी किती आहे, हे आमच्या साहेबांना हवं होतं. भरपूर असेल तर इंजिन आणि पाइप बसवायचे. पाठीवर बाटल्या बांधून त्या भोकात जाणं शक्य नव्हतं, म्हणून छातीवरचा सेट आला, सेटबरोबर श्रीमंत आला, आणि श्रीमंतबरोबर मी.

शाळेला सुट्टी होती, ती शाळाच आम्हाला मुक्कामाला दिली. पहिल्या दिवशी कपारीवर गेलो आणि बघतच राहिलो. हंडा भरायला आलेली प्रत्येक बाई आधी ओंजळीने पाणी तोंडात घ्यायची, खळखळून चूळ भरायची आणि ती चूळ परत त्याच पाण्यात टाकायची. मग त्याच पाण्यात हंडा बुडवायची. म्हातारी, पोरगी, बाळंतीण, कुणी सुटलं नाही. निम्म्यांच्या दातांना मिसरी, जाळलेल्या तंबाखूची काळी पूड. ती काळी थुंकी पाण्यावर तरंगायची, जरा फिरायची आणि बुडायची.

"अहो, हे काय करताय?" मी ओरडलो.

रांगेला वळण लावणारी गोजरबाई नावाची म्हातारी पुढे आली. "हितलं पानी पेयाचं तर पयली चूळ माघारी द्यायची."

"कुणाला?"

"माघारी," ती म्हणाली. येड्याला सांगावं तसं, सावकाश.

त्या दिवशी श्रीमंत आत गेला. उतरताना त्याने डोळ्यांवरच्या काचेत पचकन थुंकून ती चोळली. काचेवर वाफ धरू नये म्हणून सगळे पाणबुडे हे करतात. ती काच त्याने तिथेच विसळली. चाळीस मिनिटांनी वर आला. भोकातून बारा हात गेलं की आत मोठं दालन आहे, म्हणाला, पण पलीकडचा काठ दिसला नाही. मी डबा उघडला. चुन्याचे दाणे तिसरा हिस्सा जांभळे. अगदी हिशेबात.

मी मात्र सात वाड्यांच्या थुंकीतच अडकलो होतो. साहेबांना म्हटलं, पटकी पसरेल, माणसं मरतील. साहेब भला माणूस होता, त्यांना पटलं. दुसऱ्या दिवशी हुकूम निघाला. 'पाण्यात थुंकण्यास सक्त मनाई आहे' ही पाटी मी स्वतःच्या हाताने रंगवली, दोन पोती जंतुनाशक पावडर आत ओतली आणि काठी घेऊन एक राखणदार बसवला. श्रीमंतलाही बजावलं, काचेला थुंकी नाही लावायची, साबण लाव. साबणाची वडी मीच दिली.

गोजरबाईने पाटी कुणाकडून तरी वाचून घेतली. मग मला विचारलं, "मंग त्यानं काय करायचं?"

"कुणी?"

तिने हंडा डोक्यावर घेतला आणि निघून गेली.

३

चार दिवसांनी श्रीमंत पुन्हा आत गेला. तेवढ्याच वेळासाठी, चाळीस मिनिटं. वर आला तेव्हा डोकं धरून बसला आणि धापा टाकत होता.

शाळेत येऊन मी डबा उघडला. सगळे दाणे जांभळे. तळापर्यंत, एकही पांढरा नाही. डबा हाताला चांगला ऊन लागत होता.

दोन तासांचा चुना चाळीस मिनिटांत संपत नाही. मी आधी स्वतःवर संशय घेतला. दाणे जुने असतील, डब्यात ओल गेली असेल, मी भरताना झोपेत असेन. पण त्याच पोत्यातला चुना पहिल्या खेपेला बरोबर चालला होता. ऑक्सिजनची बाटली पाहिली, तीही जवळजवळ रिकामी. कागदावर आकडे मांडले, दोनदा मांडले. एका छातीने एवढं खर्ची पडत नाही. तीन छात्या लागतात.

मग पिशवी उलटी करून झटकली. लांब मुक्कामात पाणबुड्याची थोडी लाळ पिशवीत उतरते, चमचाभर. तेवढी किळस मी वर्षानुवर्षं सहन केली होती. त्या दिवशी पिशवीतून तांब्याभर लाळ निघाली. दाट, तारेची, आणि कडेने काळसर. घमेल्यात ती पसरलीसुद्धा नाही, गोळा होऊन बसली. तिला वास मिसरीचा.

मी घमेलं परसात नेऊन रिकामं केलं आणि वरून तीन पाट्या माती ओढली. मग भडाभडा ओकलो.

बायाच, असं ठरवलं मी. हुकूम झोंबला होता ना त्यांना, कुणीतरी शाळेत शिरून सेटमध्ये थुंकलं असणार. तसाच तरातरा गोजरबाईच्या दारात गेलो आणि नको नको ते बोललो. ती भाकरी थापत होती. हात धुऊन उठली, माझ्यासमोर आली आणि तोंड उघडून दाखवलं. एकही दात नव्हता. हिरड्या लहान मुलासारख्या गुलाबी.

"धा वर्सं झाली मी मिसरी लावत न्हाई," ती म्हणाली. "आन तुमच्या शाळंला कुलूप हुतं. किल्ली कुनाकडं हुती?"

किल्ली माझ्या जानव्याला होती. मी परत आलो.

४

सेट पूर्ण उकलला. पिशवी, नळ्या, झडपा, सगळं उकळत्या पाण्यात काढलं, डेटॉलने धुतलं, उन्हात वाळवलं, नवा चुना भरला. आता उलटी तपासणी. वर्गात एकटाच होतो. दुपारचे दोन वाजले होते, पत्रा तापून तडतडत होता. फळ्यावर सुट्टीच्या आधीचं कुणाचं तरी शुद्धलेखन तसंच राहिलेलं.

नळी तोंडात धरली. रबराला डेटॉलची चव हवी होती. चव मिसरीची आली. मी डोळे मिटले, नाकाने श्वास सोडत सोडत पिशवी ओढून घेतली, सपाट केली, तोटी बंद केली आणि घड्याळ लावलं.

तिसऱ्या मिनिटाला पिशवी भरू लागली.

गळती आहे, बरं झालं, असं वाटलं मला. खरंच हायसं वाटलं. भोक सापडलं की चकती लावायची, एवढंच तर काम असतं. पण पिशवी अर्धी भरली आणि थांबली. मग बसत गेली. पुन्हा सपाट. जरा वेळ तशीच राहिली आणि परत भरू लागली. आत नळीतली झडप दर खेपेला वाजायची. टक्. मग बराच वेळ काही नाही. मग टक्.

मी कारणं शोधली. पत्र्याखालची उष्णता, आत राहिलेली चिमूटभर हवा फुगते, सावली सरकली की आकसते. सेट उचलून कोपऱ्यात थंड फरशीवर नेला. टक्. मग पाण्याच्या टबात पूर्ण बुडवला. भोक असेल तर बुडबुडा यायलाच हवा. एकही आला नाही. पाण्याखाली पिशवी तशीच हळूहळू वर येत होती, खाली जात होती. झोपलेल्या माणसाच्या पोटासारखी.

बारा वेळा मोजलं मी मिनिटात. मग लक्षात आलं की माझा स्वतःचा श्वासही तिच्याच तालावर चालला होता. मुद्दाम रोखून धरला. पिशवीही थांबली. मी रोखलेला सोडला, तेव्हा झडप वाजली.

टबावर घोंगडी टाकून मी बाहेर ओट्यावर येऊन बसलो. संध्याकाळी उघडून पाहिलं तर पिशवी सपाट होती, नियमाप्रमाणे.

५

दुसरा सेट राजूरच्या गोदामात होता, पण त्याची तोटी तुटलेली. नवी मागवायची तर पंधरा दिवस लागले असते. साहेब जीप घेऊन आले, म्हणाले, "रंगनाथराव, गुरुवारी इंजिन येतंय. आतलं दालन किती लांब आहे तेवढं एकदा मोजून द्या. लोक पाण्यावाचून तडफडताहेत हो."

मी काय सांगणार होतो? आत लाळ जास्त आहे म्हणून? मी सोवळा म्हणून खात्यात आधीच माझी टिंगल व्हायची. रजिस्टरात दोषाचा रकाना होता: गळती, झडप, तोटी, चुना. यातलं काहीच बिघडलं नव्हतं.

श्रीमंतशी मात्र बोललो. त्याला लाळेचं सांगितलं, पिशवीचंही सांगितलं. तो हसेल असं वाटलं होतं. तो हसला नाही.

"आत गेलं ना, सोवळेबुवा," तो म्हणाला, "की श्वास घ्यायला लई सोपं जातं. वढावं लागतच न्हाई. आपसूक येतो तोंडात. ऊन असतो. आन कुनीतरी चूळ भरतंय असा आवाज येतो."

"पाण्याखाली?"

"न्हाई रं. तोंडात."

मला भीतीपेक्षा शिसारी जास्त आली. "मग नको जाऊ तू," म्हटलं. "मी सेट नापास करतो."

"आन त्या बाया? सात वाड्या हायत. मोजतो आन येतो, त्यात काय?" तो उठला आणि माझ्या पेल्यातून पाणी प्यायला.

त्याच संध्याकाळी गोजरबाई शाळेच्या दाराशी आली. पायरी चढली नाही. "ती पाटी काढा," म्हणाली. "न्हाईतर त्या मानसाला आत सोडू नगा. एक कायतरी करा."

पाटी काढणं माझ्या हातात होतं. राखणदाराला उठ म्हणायचं, बायांना चुळा टाकू द्यायच्या, बस. पण डोळ्यांपुढे ती काळी थुंकी आली, पाण्यावर गोल फिरणारी. "पिण्याच्या पाण्यात थुंकू द्यायचं नाही," मी म्हणालो, "काय व्हायचं ते होऊ दे."

सकाळी उलटी तपासणी पुन्हा केली. दहा मिनिटं पिशवी सपाट राहिली. मी 'उपकरण निर्दोष' लिहिलं आणि सही केली. आजही विचारलं तरी सांगेन, त्या दिवशी सेटमध्ये खरोखरच काही दोष नव्हता.

६

श्रीमंत अकराच्या सुमारास पाण्यात उतरला. कमरेला दोर, दोराचं टोक सूर्यभानच्या हातात. सूर्यभान तिथलाच, कड्यावरून मध काढणारा, दोराचा जाणकार. दर पाच मिनिटांनी आपण एक झटका द्यायचा, आतून एक झटका आला की सगळं ठीक. वीस मिनिटांनी वळून यायचं ठरलं होतं. चुना लवकर संपतो हे मी विसरलो नव्हतो.

पाच, दहा, पंधरा. उत्तर बरोबर येत होतं. विसाव्या मिनिटाला मी परत येण्याची खूण द्यायला लावली, तीन झटके. उत्तर आलं एक. पुन्हा तीन. पुन्हा एक. काठावर पाचपंचवीस बाया रिकामे हंडे घेऊन उभ्या होत्या, गोजरबाई पुढे. पंचविसाव्या मिनिटाला आम्ही न विचारताच उत्तर आलं. मग परत आलं. दोर ताठ व्हायचा, ढिला पडायचा, ताठ व्हायचा. मी घड्याळावर बोट ठेवून मोजलं. मिनिटाला बारा.

सूर्यभानचा चेहरा उतरला. "सायेब, ह्यो हात न्हाई," तो म्हणाला. "हातानं वढलेला दोर मला कळतो. ह्यो हात न्हाई."

"ओढ मग! सगळे मिळून ओढा!"

आम्ही सहा जणांनी ओढलं. दोर इंचभर आला नाही, तुटलाही नाही. त्याला अडकल्यासारखा ताठपणा नव्हता. कुणीतरी मऊसर, पण घट्ट धरून ठेवावा तसा तो लागत होता. पस्तीस मिनिटं झाली. मागच्या हिशेबाने चुना संपत आला होता. चुना संपला की माणूस आपल्याच श्वासाच्या विषाने मरतो, आणि हे माझ्याइतकं तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं.

"द्या," गोजरबाई म्हणाली. "तुमी बंद केलंत, तुमीच द्या. आता आमची चूळ चालायची न्हाई."

चाळीस मिनिटं झाली होती. मी गुडघे टेकले. माझ्या जिवलग माणसासाठी मला एक ओंजळ पाणी तोंडात घ्यायचं होतं, एवढंच, आणि माझे हात त्या पाण्यापर्यंत जाईनात. मला स्वतःची लाज वाटली. मग डोळे मिटले आणि घेतलं.

ते पाणी गार हवं होतं. पहिल्या दिवशी हात बुडवला तेव्हा बोटं आखडली होती. आता ते कोमट होतं, अंगाइतकं कोमट, आणि बुळबुळीत. जिभेवर काहीतरी रवाळ आलं. मिसरी. आधी कुणाच्या तरी तोंडात राहून आलेलं पाणी होतं ते. मला उमासा आला, मी चूळ टाकली, पण ठसका लागला आणि थोडं घशाखाली उतरलं.

"गिळलं का?" गोजरबाईने एकदम विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

दोर ढिला पडला. सूर्यभान झपाझप ओढू लागला. बॅटरी पाण्यावर धरली तेव्हा श्रीमंत खालून वर येताना दिसला, उताणा. काच निघालेली, तोंडातली नळी गळ्यात लोंबत होती आणि नळीची तोटी नीट बंद केलेली, नळी काढून ठेवताना आम्ही शिकवतो तशी. चेहरा पाण्याबाहेर आला. तोंड उघडं होतं. त्याच्या तोंडातून लाळेची एक जाड तार खाली पाण्यात गेली होती, आणि ती ताणलेली होती. आम्ही त्याला वर ओढला तशी ती लांबत गेली, तुटेना. उजेड मी तारेच्या खालच्या टोकावर नेला. हातभर खोलीवर पाणी एकदा उघडलं आणि मिटलं. आत गुलाबी काहीतरी होतं. मग तार सुटली आणि श्रीमंत आमच्या अंगावर येऊन पडला.

तो जिवंत होता. त्याच्या ओठांभोवती काळं कडं उमटलेलं होतं, बोटभर रुंद, मिसरीचं.

७

त्याला जीपमध्ये घालून राजूरच्या दवाखान्यात पाठवला आणि मी आधी शाळेत गेलो. मला चुना बघायचा होता. डब्याचं झाकण निघेना.

दाणे पांढरे होते. सगळे. सकाळी मी भरले तसेच कोरडे, कडक, गार. पिशवी कोरडी, ऑक्सिजनची बाटली भरलेली. त्याने सेटमधून एकही श्वास घेतला नव्हता. पाण्यात उतरल्याबरोबर नळी काढली असणार, तोटी बंद केली असणार आणि तसाच आत गेला असणार. चाळीस मिनिटं. मी दाणे फळीवर पसरून एकेक निवडले. कुठेतरी एखादा जांभळा सापडावा, एवढीच माझी इच्छा होती. काळोख पडेपर्यंत निवडत बसलो.

पाटी मी त्याच दिवशी उपटून आणली. साहेबांना कळवलं, आतलं दालन धोक्याचं आहे, इंजिन बसवू नये. त्यांनी दुसरीकडे बोअर घेतली. गोजरबाईच्या बाया पुन्हा चुळा टाकू लागल्या, असं सूर्यभानने सांगितलं. पाणी परत गार झालं, असंही म्हणाला.

तिसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेलो. डॉक्टर म्हणाले, छाती साफ आहे, उद्या घरी न्या. सकाळचं ऊन खाटेवर आलं होतं. श्रीमंत बसलेला होता, चेहरा धुतलेला, केस विंचरलेले. ओठांभोवतीचं कडं फिकं झालं होतं, पण गेलं नव्हतं. मला बघून हसला आणि मला रडू कोसळलं.

"आत काय झालं रे?" मी विचारलं.

"कुठं काय? झोप लागल्यासारखं हुतं," तो म्हणाला. "तांब्या दे जरा."

मी तांब्या दिला. त्याने डोकं मागे टाकून वरून धार सोडली. पंधरा वर्षांत मी त्याला कधी वरून पिताना पाहिलं नव्हतं. तोंड भरलं, तांब्या खाली ठेवला, पण पाणी गिळलं नाही. गाल फुगवून माझ्याकडे बघत बसला.

थट्टा करतोय असं वाटलं मला. मग त्याच्या छातीकडे लक्ष गेलं. ती हलत नव्हती. सवयीने मी घड्याळाकडे पाहिलं. एक मिनिट. दोन. चांगला पाणबुड्या तीन मिनिटं श्वास धरतो. चार झाली, पाच झाली. त्याच्या कपाळावर घाम आला. ओठ निळे पडत होते आणि डोळे श्रीमंतचेच होते, माझ्या दोस्ताचे, भ्यालेले.

"थुंक!" मी ओरडलो. खाटेखालचं भांडं त्याच्या तोंडापुढे धरलं, पाठीवर थापा मारल्या. त्याने मान हलवली. नाही. बोटाने दाखवलं. खिडकीत माझा पेला होता, त्याच्या सामानाबरोबर मीच आणलेला, राखेने लखलखीत घासलेला.

मी पेला धरला. त्याने चूळ त्यात टाकली, अलगद, थेंब न सांडता. तरीही छाती हलली नाही. तो पेल्याकडे बघत होता, मग माझ्याकडे. सात मिनिटं झाली होती. डॉक्टरला हाक मारायला मी तोंड उघडलं, पण ते येऊन काय सांगणार, हे मला माहीत होतं: छाती साफ आहे.

पेला उचलला. डोकं मागे टाकलं, वरून ओतायला. त्याने पुन्हा मान हलवली. नाही.

मी पेल्याला तोंड लावलं. कोमट होतं. पहिला घोट गिळला आणि श्रीमंतच्या छातीत कुठेतरी झडप उघडल्यासारखं वाजलं, टक्, आणि त्याने श्वास घेतला.

आता श्रीमंत आमच्याच गल्लीत राहतो, नगरला. आज सकाळीही त्याने श्वास असाच घेतला.